पेटी एकटी कशी बोलू लागली

एकल पेटीवादन ऐकायला सुरुवात कुठून करावी, असं विचारणाऱ्या रसिकाला पी. मधुकर, तुळशीदास बोरकर, आप्पा जळगावकर आणि डॉ. अरविंद थत्ते ही चार नावं सुचवावीत, आणि याच क्रमाने. कारण या कलेचा उगम साथीत आहे. गवयाच्या मागे बसून हाताला जे शिकावं लागलं, तेच पुढे एकल वादनाचं भांडवल झालं. हे कुळ ठाऊक असेल तर ध्वनिमुद्रणात नेमकं काय ऐकायचं ते उमगतं.

पेटीचं मूळ फ्रान्समधलं. आलेक्सांद्र दब्यां यांनी पॅरिसमध्ये १८४२ साली तिचं पेटंट घेतलं. पुढे कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी पायाने चालणारा भाता काढून मागे हाताचा भाता बसवला आणि पेटी बैठकीत आली. मराठी मुलखात तिला खरा आश्रय संगीत नाटकाने दिला. १८८० साली पुण्यात किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आलं आणि त्यातून जी परंपरा वाढली, तिच्यात ऑर्गन आणि पेटी पक्की बसली. ‘मानापमान’ला १९११ साली चाली देणारे गोविंदराव टेंबे हे भास्करबुवा बखल्यांना गुरू मानणारे पेटीवादक. नाट्यपदाची गोळीबंद मांडणी आणि ख्यालाची बढत एकाच हातात आली ती अशा माणसांमुळे.

पेटीवरचा सर्वांत जुना आक्षेप असा की तिच्यावर मींड निघत नाही आणि तिचे सूर श्रुतीला धरून नसतात. आक्षेप खरा आहे. कृ. ब. देवल यांचं बावीस श्रुतींवरचं पुस्तक १९१० साली पुण्यातच निघालं, आणि त्यांनी व ब्रिटिश अधिकारी क्लेमेंट्स यांनी श्रुतींची पेटी घडवण्याचा खटाटोपही केला. ती पेटी रूढ झाली नाही. ऑल इंडिया रेडिओने तर १९४० साली पेटीला दार बंद केलं. ते १९७१ मध्ये किलकिलं झालं, तेही साथीपुरतं. मधल्या काळात पेटी तगली ती रंगभूमीवर, मैफलीत आणि तबकड्यांवर. सुरांच्या अडचणीवर कारागिरांनी गंधार ट्यूनिंगचा तोडगा काढला: एकच षड्ज ठरवून बाकीचे सूर तानपुऱ्याला जुळवून घ्यायचे. त्याची किंमतही आहे, कारण मग पट्टी बदलता येत नाही. मींडेवर उपाय मात्र वादकाच्या बोटांनीच शोधला. पंचमावरून गंधारावर येताना पंचम पुरता सुटण्याआधी मध्यमाला निसटता स्पर्श करायचा, त्याच क्षणी भाता किंचित सैल सोडायचा; मग कानाला सुरांमधली फट जाणवत नाही. जाझमध्ये थेलोनियस मंक पियानोच्या दोन लगतच्या पट्ट्या एकदम दाबून मधल्या, न मिळणाऱ्या सुराचा भास निर्माण करत असे. अडचण सारखीच होती. वाद्याची मर्यादा मान्य करणाऱ्यालाच तिच्यातून वाट सापडते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: पेटीवादन म्हणजे गळ्याची नक्कलच ना? नुसती नक्कल असती, तर गाणं काढून घेतल्यावर हातात काही उरलं नसतं. पी. मधुकरांच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्या ऐकाव्यात. एवढ्या वेळात आलापाला सवडच नसते, तरी बोटांच्या दाणेदार लयीतून पूर्ण आकृती उभी राहते, आणि ती गळ्याची नव्हे, पट्ट्यांची आकृती असते. त्यांचे शिष्य बोरकर यांच्यात हीच सफाई नाट्यपदाच्या लडिवाळपणाला येऊन मिळते. जळगावकरांनी भीमसेन जोशींसारख्यांची साथ केली. म्हणून त्यांच्या एकल वादनात श्वासाच्या जागा, थांबे आणि समेवर येण्याची ऐट ऐकावी. पुण्याचे थत्ते गणितात डॉक्टरेट मिळवलेले, आणि त्यांच्याकडे रागाची मांडणी मुद्दा सिद्ध करावा तशी पायरीपायरीने उलगडते. म्हणूनच हा क्रम: आधी बोट ओळखावं, मग रस, मग श्वास, आणि शेवटी विचार. चारही टप्पे पार केले की पेटीला केवळ साथीचं वाद्य म्हणणं कुणाही प्रामाणिक कानाला जड जाईल.