रूबी भाषेच्या प्रमाण लायब्ररीचे विभाजन

युकिहिरो मात्सुमोतो यांनी १९९५ मध्ये जपानमध्ये रूबी ही संगणकीय भाषा प्रसिद्ध केली. भाषेसोबत तयार आज्ञावलींचा संच, म्हणजेच प्रमाण लायब्ररी, देण्याची प्रथा तिनेही पाळली. मात्र त्यातील एखाद्या घटकात सुरक्षेचा दोष आढळल्यास दुरुस्तीसाठी संपूर्ण भाषेच्या नव्या आवृत्तीची वाट पाहावी लागे. म्हणून या घटकांना क्रमाक्रमाने ‘जेम’ या स्वतंत्र पॅकेजचे रूप देण्यात आले. ‘डीफॉल्ट’ जेम स्वतंत्रपणे अद्ययावत करता येतात, पण काढून टाकता येत नाहीत. ‘बंडल्ड’ जेम काढताही येतात. हा भेद वरवर पाहता तांत्रिक वाटतो. वस्तुतः प्रश्न होता तो देखभालीच्या दायित्वाचा. डिसेंबर २०२० मधील ३.० आवृत्तीतून ‘वेबरिक’ हा वेब सर्व्हर वगळण्यात आला. परिणामी, संकेतस्थळे तयार करणाऱ्या ‘जेकिल’च्या अनेक वापरकर्त्यांना तो स्वतः बसवून घ्यावा लागला. दुरुस्तीची वाट मोकळी झाली खरी, परंतु गैरसोय मात्र अशी वापरकर्त्यांच्या वाट्यास आली. २०२४ मधील ३.४ आवृत्तीत ‘सीएसव्ही’सारखा नित्य वापरातील घटकही ‘बंडल्ड’ वर्गात गेला. तेव्हापासून ‘बंडलर’ वापरणाऱ्या प्रकल्पांत ‘जेमफाइल’मध्ये त्याची नोंद केल्याखेरीज तो सहसा उपलब्ध होत नाही.