पानपतावर राहिलेल्याचं पान

भोगीच्या दिवशी आजीचं खेंगट चुलीवर रटरटत असायचं. वालपापडी, पावटा, हरभऱ्याचे सोलाणे, वांगी, गाजर, ओल्या शेंगा, वरून तिळाचं कूट. रानात त्या वेळी जे उभं असेल ते सगळं त्या एका पातेल्यात. जोडीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी आणि राळ्याचा भात. दुसऱ्या दिवशी संक्रांत; सुगडांत ओंब्या, बोरं, उसाची कांडं भरून बायका देवळात ववसायला निघायच्या. सुगीचा सण, नवं पीक देवापुढे ठेवण्याचा. तमिळनाडूत याच दिवसांत पोंगल उतू जातो, आसामात माघ बिहूची शेकोटी पेटते.

आमच्या घरात मात्र भोगीला एक पान जादा वाढलं जायचं. चतकोर भाकरी, त्यावर खेंगट. “पानपतावर ऱ्हायला, त्याचं,” आजी म्हणायची. मग ते पान गाईला जायचं. घराण्यातला कुणी सदाशिवरावभाऊंच्या फौजेबरोबर गेला होता म्हणे, घोड्यांच्या चाकरीला. आजी त्याचं एक नाव सांगायची, चुलते दुसरंच सांगतात. त्याच्या बायकोने मरेपर्यंत कुंकू पुसलं नाही, हेही आजीचंच. भाऊंच्या पार्वतीबाईंनीही वैधव्य मानलं नव्हतं. पेशव्यांच्या वाड्यातली गोष्ट आमच्या माजघरात शिरली असेल. शिरू दे.

आजीचे थोरले भाऊ शाळामास्तर. पानपत संक्रांतीलाच झालं, हे संक्रांत आणि पानपताचं लग्न त्यांना पटायचं नाही. लढाई १४ जानेवारी १७६१ ची, बुधवार, पौष शुद्ध अष्टमी. पण इंग्रजी तारखेच्या हिशोबाने संक्रांत सत्तरेक वर्षांत एक दिवस पुढे सरकते. विवेकानंद १२ जानेवारी १८६३ ला जन्मले, तो संक्रांतीचाच दिवस होता, हा त्यांचा ठेवणीतला दाखला. त्याच्याही शंभर वर्षं मागे गेलं, तर पानपतापूर्वी तीन-चार दिवस संक्रांत होऊन गेलेली! दोन्ही एका चौकटीत आणली ती भिंतीवरच्या कॅलेंडरने, असं ते ठासून सांगायचे.

हिशोब त्यांचा बिनचूक होता. आजीला त्याचं काही नव्हतं. डिसेंबर १७६० मध्ये गोविंदपंत बुंदेले मारले गेले, दुआबातली रसद तुटली, आणि अडकून पडलेली फौज शेवटी उपाशी पोटीच लढायला बाहेर पडली, हेही तिला भावानेच कधीतरी सांगितलेलं. तेवढंच तिने धरून ठेवलं. इकडे सुगी, घरोघर पातेली भरलेली, आणि आपला माणूस तिकडे दाण्याला महाग.

“चार दिस आदी का आसंना, दादा,” ती भाकरी थापता थापता म्हणायची, “उपाशीच व्हता न्हवं त्यो?”

मास्तर मग पंचांग मिटून जेवायला बसायचे.

यंदा भोगीला तुमच्या पंगतीत कुणी ऐंशीच्या पुढचं माणूस असेल, तर भाकरी मोडताना एवढं विचारा, आपल्यातलं पानपतावर कोण राहिलं होतं? दोघांनी दोन नावं सांगितली, तर दोन्ही लिहून ठेवा.