फलन-परीक्षण, जावास्क्रिप्टमधील

फलन-परीक्षण, जावास्क्रिप्टमधील : एखादे मूल्य फलन म्हणजेच फंक्शन आहे की नाही, हे आज्ञावली चालू असतानाच ठरविण्याची रीत. जावास्क्रिप्ट या संगणकीय भाषेत चलाचा प्रकार आगाऊ जाहीर करावा लागत नाही. शिवाय फंक्शन हेही संख्येप्रमाणे एक मूल्यच असल्याने ते चलात ठेवता येते किंवा दुसऱ्या फंक्शनकडे सोपविता येते. फंक्शन नसलेले मूल्य फंक्शन म्हणून वापरल्यास दोष उद्‌भवतो व तो सावरण्याची सोय नसल्यास पुढील आज्ञा अमलात येत नाहीत. यामुळे हे परीक्षण आवश्यक ठरते.

ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप कंपनीत १९९५ मध्ये ही भाषा रचली. एक्मास्क्रिप्ट या तिच्या पहिल्या मानकात (१९९७) ‘टाइपऑफ’ हा कारक होता. भाषेतील फंक्शनाबाबत तो ‘फंक्शन’ हा शब्द देतो. तथापि ब्राउझरने पुरविलेल्या वस्तूंबाबतचे उत्तर मानकाने ब्राउझरवरच सोपविले होते. परिणामी इंटरनेट एक्स्प्लोररच्या आठव्या आवृत्तीपर्यंत ‘अलर्ट’ हे फंक्शन नुसते ‘ऑब्जेक्ट’ ठरे. उलट क्रोमच्या आरंभीच्या आवृत्त्यांत रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुराचा आकृतिबंध वर्णिणारी वस्तू, ‘फंक्शन’ ठरे.

यावर दोन उपाय योजिले गेले. तिसऱ्या आवृत्तीतील (१९९९) ‘इन्स्टन्सऑफ’ हा कारक वस्तूचे मूळ तपासतो. परंतु पृष्ठातील प्रत्येक चौकटीचे मूळ ‘फंक्शन’ निराळे असल्याने दुसऱ्या चौकटीतून आलेले फंक्शन तो नाकारतो. वस्तूचे अंतर्गत वर्गनाम वाचण्याची दुसरी रीत जेक्वेरी या संग्रहाने १.३ आवृत्तीत (२००९) स्वीकारली. तीही इंटरनेट एक्स्प्लोररमधील ‘अलर्ट’ला ओळखू शकली नाही. पुढे जनरेटर (२०१५) व असिंक (२०१७) ही निराळ्या वर्गनामांची फंक्शने आल्यावर केवळ ‘फंक्शन’ या नामाशी ताडून पाहणे अपुरे ठरले.

पाचव्या आवृत्तीने (डिसेंबर २००९) मूळ दोष दूर केला. वस्तू भाषेची असो वा ब्राउझरची, तिला फंक्शनाप्रमाणे चालविता येत असल्यास ‘टाइपऑफ’ने ‘फंक्शन’ हेच उत्तर द्यावे, असे तीत ठरले. जेक्वेरीनेही ३.३ आवृत्तीत (२०१८) आपली स्वतंत्र परीक्षा कालबाह्य ठरविली.

आजही दोन अपवाद उरतात. ‘क्लास’ने घडविलेली वस्तू ‘फंक्शन’ ठरते. पण ‘न्यू’ या शब्दावाचून ती वापरल्यास दोष येतो. याउलट ‘डॉक्युमेंट.ऑल’ ही वस्तू चालविता येत असूनही, जुन्या पृष्ठांच्या सोयीसाठी, ‘अनडिफाइन्ड’ ठरते.