जुन्नरी कागद व त्याची क्षारता

पुणे जिल्ह्यातील जुन्नर येथे तयार होणारा हातकागद ‘जुन्नरी’ या नावाने ओळखला जाई. आंबेगाव तालुक्याच्या उत्तरेस, कुकडी नदीच्या काठी वसलेले हे गाव नाणेघाटाच्या प्राचीन व्यापारी मार्गावर असून येथील कागद मराठेशाहीतील दप्तरी लेखनात वापरला जात असे. कागद बनविणाऱ्यांस ‘कागदी’ म्हणत. एकोणिसाव्या शतकात गिरणीचा स्वस्त कागद आल्यावर हा व्यवसाय मागे पडत गेला.

जुने गोणपाट, दोरखंड यांसारख्या तंतुमय वस्तूंचे तुकडे चुन्याच्या पाण्यात भिजवून व कुटून लगदा करावयाचा, तो वाहत्या पाण्यात धुवावयाचा, साच्यावर उचलून त्याचे ताव वाळवावयाचे व खळ लावून घोटावयाचे, अशी हातकागदाची सर्वसाधारण रीत होती. चुन्याबरोबर सज्जीखारही (अशुद्ध सोडियम कार्बोनेट) वापरीत. लगद्यात राहिलेल्या चुन्याचे हवेतील कार्बन डाय-ऑक्साइडामुळे कॅल्शियम कार्बोनेट बनते. कालांतराने निर्माण होणाऱ्या अम्लाचे ते उदासिनीकरण करते व तंतू टिकून राहतात. याउलट, जर्मनीतील मॉरिट्स इलिख यांनी १८०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राळ-तुरटीच्या खळीमुळे गिरणीचा कागद अम्लधर्मी होऊ लागला व पुढे तो पिवळा आणि ठिसूळ पडू लागला. कागदाच्या ऱ्हासाचे अम्लता हे प्रमुख कारण आहे, हे अमेरिकेतील विल्यम बॅरो यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास प्रयोगांनी दाखविले.

कारागीर चुन्याचे प्रमाण अनुभवाने ठरवीत. क्षारता अंकांत मोजण्याची अनुमापन पद्धती यूरोपात कापडाच्या विरंजन व्यवसायातून पुढे आली. स्कॉटलंडमधील फ्रान्सिस होम यांनी १७५६ मध्ये क्षाराचा कस ठरविताना फसफसणे थांबेपर्यंत त्यात नायट्रिक अम्ल चमच्याने मोजून घातले. फ्रान्समधील देक्रवाझील यांनी १८०६ मध्ये क्षारतामापक नळीचे वर्णन केले. गे-ल्युसॅक यांनी पद्धतीस अचूकता आणली, तर जर्मनीतील मोर यांच्या १८५५ च्या ग्रंथाने ती सर्वत्र रूढ केली.

कागदाच्या बाबतीत प्रत्यानुमापन वापरतात. १ ग्रॅ. कागद पाण्यात भिजवून त्यात ०·१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक अम्ल, उदा., २० मिलि., घालतात व मिश्रण उकळून कार्बन डाय-ऑक्साइड घालवितात. उरलेले अम्ल, मिथिल रेड हा दर्शक टाकून, तेवढ्याच तीव्रतेच्या सोडियम हायड्रॉक्साइडाने मोजतात. तांबडा रंग पिवळा झाला की अनुमापन पूर्ण होते. क्षार १६ मिलि. लागला, तर ४ मिलि. अम्ल कागदाने घेतले, म्हणजेच त्यात २० मिग्रॅ. किंवा २ टक्के कॅल्शियम कार्बोनेट आहे, असे ठरते. टिकाऊ कागदासाठी १९९४ च्या आंतरराष्ट्रीय मानकाने (आयएसओ ९७०६) किमान एवढाच क्षारसाठा आवश्यक मानला आहे.

या परीक्षणात नमुना नष्ट होतो. एखाद्या अस्सल पत्राचा १ ग्रॅ. भाग कापणे म्हणजे पुराव्याचाच तुकडा गमावणे होय. म्हणून दप्तरखान्यात पुष्कळदा पृष्ठभागावर पाण्याचा थेंब ठेवून पीएच मूल्य पाहतात. त्यावरून कागद आज अम्लधर्मी आहे की नाही, एवढे कळते; क्षारसाठा किती शिल्लक आहे, हे कळत नाही. त्यामुळे जुन्या कागदाच्या उरलेल्या आयुष्याचा अंदाज बांधताना त्याच्या घडणीची माहितीही तितकीच महत्त्वाची ठरते.