चार दिशांचा अल्बम: ‘द डार्क साइड ऑफ द मून’ आणि त्याची मिश्रणे

‘पिंक फ्लॉइड’ या ब्रिटिश रॉक बँडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा अल्बम मार्च १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर ३० वर्षांनी ध्वनिअभियंता जेम्स गथ्री याने केलेले त्याचे ५.१ मिश्रण, म्हणजे श्रोत्याभोवती पाच स्पीकर आणि केवळ खर्जासाठी एक सबवूफर अशा मांडणीचे मिश्रण, सुपर ऑडिओ सीडीवर आले. जुन्या कृतीवर चढवलेला हा नवा साज आहे असे वरकरणी वाटले, तरी श्रोत्याला चहूबाजूंनी वेढणारा ध्वनी हा या बँडचा ध्यास अल्बमपेक्षाही जुना होता.

लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये १२ मे १९६७ रोजी झालेल्या बँडच्या कार्यक्रमात ‘अ‍ॅझिमथ को-ऑर्डिनेटर’ हे उपकरण वापरले गेले. ते ईएमआय कंपनीतील तंत्रज्ञ बर्नार्ड स्पेट याने तयार केले होते आणि त्याची दांडी फिरवून बँडचा कीबोर्डवादक रिचर्ड राइट आवाज सभागृहात हवा त्या दिशेला नेऊ शकत असे.

पुढे १९७२ मध्ये अ‍ॅबी रोड स्टुडिओत अल्बमचे मुद्रण सुरू झाले, तेव्हा ही दृष्टी थेट सामग्रीत उतरली. ‘टाइम’ या गाण्याच्या आरंभी एकाच वेळी वाजणारी घड्याळे अभियंता अ‍ॅलन पार्सन्स याने जुन्या वस्तूंच्या दुकानात एकेक करून मुद्रित केली होती, आणि तीही क्वाड्रोफोनिक, म्हणजे चार स्पीकरांच्या, ध्वनीचे प्रात्यक्षिक दाखवण्यासाठी. ‘मनी’च्या प्रारंभीची नाणी, फाटणारा कागद आणि गल्ल्याचे यंत्र यांचे आवाज फितीचे तुकडे मोजून, जोडून सात मात्रांच्या आवर्तनात बसवले गेले; क्वाड्रोफोनिक मिश्रणात ते वेगवेगळ्या कोपऱ्यांतून येतात आणि ठेका खोलीभर चालू लागतो. स्टीरिओत हे सौंदर्य उणे होते, असे म्हणणे भाग आहे.

पार्सन्सचे क्वाड्रोफोनिक मिश्रण अल्बमच्या पत्रकारांपुढील सादरीकरणापर्यंत पूर्ण झाले नव्हते. ते नंतर बाजारात आले खरे, परंतु परस्परांशी न जुळणाऱ्या पद्धती आणि दोन जादा स्पीकरांचा खर्च यांमुळे क्वाड्रोफोनिक ध्वनी त्याच दशकात मागे पडला.

गथ्रीच्या कामाचे खरे मोल केवळ स्पीकरांच्या संख्येत नाही. मूळ मुद्रणाच्या वेळी १६ ट्रॅकची फीत भरली की तीवरील वाद्ये एकत्र करून दुसऱ्या फितीवर उतरवत आणि मोकळ्या ट्रॅकवर पुढचे मुद्रण करत. अशा प्रत्येक प्रतीगणिक फितीची खरखर वाढते व बारकावे बोथट होतात. गथ्रीने पहिल्या पिढीच्या मूळ फितींकडे परत जाऊन त्या जुळवल्या, त्यामुळे १९७३च्या स्टीरिओतही दबलेला तपशील त्याच्या मिश्रणात मोकळा होतो.

२०११ मध्ये पार्सन्सचे मिश्रण अधिकृतपणे पुन्हा उपलब्ध झाले आणि २०२३ मध्ये गथ्रीनेच डॉल्बी अ‍ॅटमॉस या, डोक्यावरची दिशाही योजणाऱ्या, पद्धतीत नवे मिश्रण केले. ही सारी मिश्रणे ऐकणाऱ्याने आरंभ मात्र पार्सन्सपासून करावा, कारण त्याचे हात त्या फिती कापत असतानाच त्याला चार कोपरे दिसत होते.