बैलगाडीचं चाक आणि सिंगापूरचा चीक

सिंगापूरच्या चायनाटाउनचं जुनं मलय नाव ‘क्रेता आयर’. क्रेता म्हणजे गाडी, आयर म्हणजे पाणी. नळ येण्याआधी इथं बैलगाडीनं पाणी यायचं. चिनी लोक आजही या भागाला ‘न्यू च श्वे’ म्हणतात, त्याचाही अर्थ बैलगाडीचं पाणी असाच होतो. लिटल इंडियाजवळ बायकामुलांचं मोठं इस्पितळ आहे, त्याच्या नावातलं ‘केके’ म्हणजे कांदांग करबाव, अर्थात म्हशींचा गोठा! आता इथं बैल औषधालाही सापडणार नाही. पण आपल्याकडे उसाच्या गाडीला जे रबरी टायर दिसतं, त्याची गोष्ट या शहराला टाळून सांगताच येत नाही.

आधी आपलं जुनं चाक बघू. मधे तुंबा, त्यात ठोकलेले आरे, बाहेर लाकडी पाट्यांचं कडं आणि त्यावर लोखंडी धाव. धाव मुद्दाम चाकापेक्षा किंचित लहान करायची, गोवऱ्यांच्या जाळात लाल करून फुगवायची, चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचं. लोखंड आकसतं आणि सगळे सांधे आवळले जातात. लोहाराला औष्णिक प्रसरणाचं सूत्र कुणी शिकवलं नव्हतं, पण हिशेब चुकायचा नाही. हे चाक शेतातल्या दगडाधोंड्यांवरून बरं चालायचं, कारण त्याचा घेर मोठा. बिघडलं तर गावातच दुरुस्त व्हायचं. अडचण झाली ती डांबरी रस्त्यावर.

साधा हिशेब मांडतो. गाडी आणि माल मिळून एक टन धरा, म्हणजे एका चाकावर 500 किलो. धाव पाच सेंटीमीटर रुंद असली तरी कडक रस्त्याला तिचा फार तर दीडदोन सेंटीमीटर लांबीचा पट्टा टेकतो. म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला 50 किलो किंवा त्याहून जास्त दाब. हवेच्या टायरमध्ये साधारण हवेच्या दाबाइतकाच दाब जमिनीवर पडतो, म्हणजे साडेतीन किलोच्या आसपास. लोखंड रस्ता कापतं, रबर त्यावर पसरतं. शिवाय खड्ड्यात आदळताना वाया जाणारी बैलाची ताकद वाचते, ती वेगळीच.

हवेच्या टायरची कल्पना रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश इंजिनियरनं 1845 साली पेटंटही करून घेतली होती, आणि लंडनमध्ये घोडागाडीला लावून दाखवली होती. म्हणजे पहिली हवेची टायरं जनावरानंच ओढली! पण ती चालली नाहीत, रबर महाग होतं. मग 1888 साली बेलफास्टमध्ये जनावरांचे डॉक्टर असलेल्या डनलॉपनं मुलाच्या तीनचाकीसाठी तीच गोष्ट नव्यानं शोधली. त्याच 1888 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचं दुकान थाटलं, आणि त्याच वर्षी हेन्री रिडली सिंगापूरच्या बोटॅनिक गार्डनचा प्रमुख म्हणून बोटीतून उतरला.

ब्राझीलच्या रबराची 22 रोपं या बागेत 1877 सालीच येऊन पोचली होती, पण मळेवाल्यांना त्यांत रस नव्हता. ब्राझीलच्या जंगलात झाडावर कुऱ्हाडीचे घाव घालून चीक काढत, झाड खंगून जाई. रिडलीनं सालीचे पातळ तिरके काप घ्यायची रीत बसवली. माशाच्या काट्यासारखी खाच, आणि दर वेळी तीच कड हलकेच सोलायची. त्यामुळे एकच झाड वर्षानुवर्षं चीक देऊ लागलं. मळेवाल्यांच्या खिशात तो रबराच्या बिया कोंबायचा म्हणे, म्हणून त्याला ‘मॅड रिडली’ म्हणत. मोटारी आल्या आणि मलायात रबराचे मळेच मळे झाले. 1911 मध्ये सिंगापुरात रबराचे लिलाव सुरू झाले. आजही रबराचे वायदे इथल्या बाजारात होतात.

आपल्याकडे डनलॉपचा कारखाना 1936 साली बंगालमध्ये साहागंजला निघाला. पुढं ‘डनलॉप’ हे देशाच्या बऱ्याच भागांत टायरगाडीचंच नाव होऊन बसलं. ऊसतोडीत तर मजुरांच्या टोळ्यांनाच ‘टायर सेंटर’ म्हणतात. गाडी कारखान्याची, बैल मजुराचे.

बैलगाडीसाठी टायरं वेगळी बनतात, 19 इंची रिमची, 6.00, 7.00 आणि 8.00 रुंदीची, कमी वेगासाठी. बदलायची वेळ आली की ट्रकचं झिजलेलं टायर स्वस्तात मिळतं, मोह होतो. पण दोन्ही बाजूंची उंची सारखी नसेल तर गाडी कलते आणि एका बाजूला जास्त भार जातो. दोन्ही टायरं मूळच्यापेक्षा मोठी घातली तर गाडी पुढं झुकते आणि ओझं बैलांच्या मानेवर येतं. लहान घातली तर माल मागं जातो, चढावर जू वर उचलायला लागतं. म्हणून जोडी सारखी हवी, मापाची हवी, आणि हवा दोन्हीकडे सारखी भरलेली हवी. ही गोष्ट दुकानदारापेक्षा बैलाला लवकर कळते, पण त्याला विचारतो कोण?

खरी गोम पुढं आहे. लाकडी चाकावर जास्त माल लादला तर गाडी हलायचीच नाही, ती एक नैसर्गिक मर्यादा होती. टायर आणि बॉल बेअरिंगनं ओढणं सोपं केलं, तर माणसानं ऊस वाढवला. मजुराला पैसे टनावर मिळतात, त्यामुळे त्याला तरी किती दोष द्यायचा? आणि उतारावर हीच गाडी बैलांना मागून रेटते. लोखंडी धाव निदान घासून घासून चालायची. टायरगाडीला ब्रेक नसेल तर उतारावरचा सगळा भार थोपवायचा तो त्या दोन जनावरांच्या खुरांनी आणि मानेनं.

एन. एस. रामस्वामी, बंगलोरच्या आयआयएमचे पहिले संचालक, सुधारलेल्या बैलगाडीसाठी वर्षानुवर्षं झगडत राहिले. मॅनेजमेंटच्या प्राध्यापकानं बैलाच्या मानेचा विचार करावा याचं त्या काळी अनेकांना हसू आलं असेल. मला मात्र त्यांचं नाव घेताना रिडलीच आठवतो.