मधुमेह्याचे मन : एका दुर्लक्षित चिकित्सेचा इतिहास



मधुमेहाचा इतिहास सांगताना आपण मुंग्यांपासून आरंभ करतो. रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धावतात ही खूण आपल्या प्राचीन वैद्यांनी टिपून ठेवली, याचा आपणांस अभिमान वाटतो व तो रास्तच आहे. परंतु त्या रोग्याच्या मनाकडे कोणी केव्हा पाहिले, हे आपण सहसा विचारीत नाही. आज आपण तेच पाहू.

सतराव्या शतकांतील इंग्रज वैद्य टॉमस विलिस याने दीर्घकाळचे दुःख हे या रोगाचे एक कारण म्हणून सांगितले. येथे मन आले खरे, पण आरोपी म्हणून! पुढे १९२१ साली टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांच्या प्रयोगांतून इन्शुलिन हाती आले आणि जानेवारी १९२२ मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाला ते टोचण्यात आले. मरण टळले, पण त्याच्या जागी जन्मभराचा पहारा आला. रोज सुई, रोज तोलून जेवण, रोज धास्ती. बॉस्टनचे डॉक्टर जॉस्लिन यांनी आहार, व्यायाम व इन्शुलिन यांस एकाच रथाचे तीन घोडे मानले आणि रोग्याला स्वतःची काळजी घेण्यास शिकविले. त्यांचे हे कार्य थोर आहे. पण सारथीच खचला तर काय करावयाचे?

१९३५ च्या सुमारास अमेरिकेतील काही मनोवैज्ञानिक ‘मधुमेही स्वभाव’ शोधू लागले. रोगी मुळातच परावलंबी, मुळातच चिंतातुर, असा सूर निघाला. पुढील संशोधनांत असा एकच एक स्वभाव सापडला नाही. आधीच रोगाने गांजलेल्या माणसाच्या माथी स्वभावाचा दोषही मारला जावा, हा केवढा अन्याय!

खरा पालट विसाव्या शतकाच्या अखेरीस झाला. १९९५ साली जॉस्लिन यांच्याच नावाच्या संस्थेतील संशोधकांनी २० प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यांत रोग्याला या रोगासह जगताना काय जड जाते, हे त्यालाच विचारलेले होते. १९९८ साली सेंट लुई येथील प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. मधुमेह व खिन्नता दोन्ही असलेल्या ५१ जणांस मधुमेहाचे शिक्षण दिले गेले. त्यांपैकी निम्म्यांना १० आठवडे निराश विचार तपासून बदलण्याचे मानसोपचारही मिळाले. उपचारानंतर या गटांतील शेकडा ८५ जणांची खिन्नता गेली, दुसऱ्या गटांत शेकडा २७ जणांची. साखरेत मात्र तेव्हा फरक दिसला नाही. सहा महिन्यांनी तो दिसला. नंतरच्या प्रयोगांत मनाला उभारी मिळाल्याचे वारंवार आढळले, साखरेचा आकडा मात्र दर वेळी उतरलाच असे नाही.

म्हणून काय हे उपचार फुकट गेले? आम्हांस तसे वाटत नाही. खिन्नता व मधुमेह एकमेकांस बळ देतात, हे आज मान्य झाले आहे. विलिसच्या बोलण्यात तेवढे तथ्य होते. पण आकडा उतरो न उतरो, माणसाचे दुःख हलके होणे हे स्वतःच एक फळ आहे.

आपल्या घरी कोणी मधुमेही असेल, तर त्याच्या ताटावर आपली नजर असते. “पुन्हा गोड खाल्लेत ना?” हा आपला नित्याचा प्रश्न. इतिहासाने एवढे शिकविले, की त्याआधी “आज जिवाला कसे वाटते?” असे विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत थांबावे.